बाई आल्या की उभं राहायचं

माझ्या आईचं इंग्रजी कसं होतं, असं मला अजूनही कोणी ना कोणी विचारतं. विचारणारे बहुतेक आपलेच असतात आणि विचारताना जरा हसतात. मी सांगते, चांगलं होतं, आणि पुढे बोलत नाही. जी मुलगी भंडाऱ्याकडच्या एका गावात शाळेच्या पडवीत बसून इंग्रजी वाक्प्रचार पाठ करते, आणि तेच वाक्प्रचार पुढे कॅलिफोर्नियात मेक्सिकन बायकांना शिकवते, तिच्या इंग्रजीला पास-नापास करायचा अधिकार मी कोणालाही दिलेला नाही. हे प्रकरण त्या शिकवण्याबद्दल आहे आणि ते मी रागातच लिहिणार आहे. इतक्या वर्षांत बाकी बरंच काही विरून गेलं, हा राग मात्र चांगला टिकला आहे.

सनीव्हेलला आम्ही राहायचो ते अपार्टमेंट दुमजली इमारतीत होतं. मधल्या अंगणात पोहण्याचा तलाव आणि त्यात कायम कोणाचा तरी हरवलेला बॉल तरंगत असायचा. बाबा चिप बनवणाऱ्या एका कंपनीत इंजिनियर होते. उन्हाळ्यात वारा फिरला की फळं डबाबंद करणाऱ्या कॅनरीकडून शिजणाऱ्या टोमॅटोचा वास यायचा, तो आईला फार आवडायचा. कोणाच्या तरी घरी मोठा स्वयंपाक निघालाय असं वाटतं, म्हणायची. हॉलमध्ये टीव्हीच्या वरच्या फळीवर बुद्धाची छोटी मूर्ती आणि तिच्या शेजारी निळ्या कोटातला फोटो. तो कोणाचा, हे आमच्यासारख्या घरात वाढलेल्यांना सांगायला नको. ज्वारीचं पीठ तेव्हा मिळायचं नाही, म्हणून आई मेक्सिकन दुकानातून मक्याचं पीठ आणून भाकरी थापायची, आणि त्याच दुकानातून आणलेल्या तीन पायांच्या दगडी खलात ठेचा कुटायची. खालच्या मजल्यावरची म्हातारी त्या ठकठकीला कंटाळून झाडूच्या दांड्याने छताला टोले द्यायची. आई दोन क्षण थांबायची आणि पुन्हा कुटायची. मी हायस्कूलला होते. आई मराठीत बोलायची, मी इंग्रजीत उत्तर द्यायची, आणि ठेचा मात्र दोघींना तितकाच लागायचा.

वर्गाची सुरुवात तळमजल्यावरच्या कपडे धुण्याच्या खोलीत झाली. लूपे नावाची बाई आमच्याच इमारतीत राहायची आणि कॅनरीत पट्ट्यावर पीच निवडायचं काम करायची. ड्रायर महिनाभर बंद होता म्हणून ती मॅनेजरकडे तक्रार घेऊन गेली, तर तो म्हणाला, होल्ड युअर हॉर्सेस. हा माणूस घोड्यांचं काय बोलतोय ते तिला कळेना. तिने आईला विचारलं. आईला ते ठाऊक होतं, कारण शाळेत अशा वाक्प्रचारांची रांगच्या रांग तिने घोकली होती. पण लूपेला समजावायला तिच्याकडे स्पॅनिश नव्हतं, आणि मी शाळेत स्पॅनिश घेतलं होतं. मी मधे उभी राहून सांगितलं, घोडे आवर, म्हणजे घाई करू नकोस. लूपे म्हणाली, महिना झाला, माझे घोडे म्हातारे झाले. आई इतकी हसली की तिच्या हातातली ओली चादर खाली पडली. पुढच्या आठवड्यात लूपे आणखी दोघींना घेऊन आली. त्यातली डोन्या एल्विरा वयाने सगळ्यांत मोठी, ऑफिसं झाडण्याचं काम करणारी. डोन्या हे आपण नावापुढे बाई लावतो तसं. मग आणखी आल्या, धुण्याच्या खोलीत मावेनाशा झाल्या, आणि कोणीतरी सांगितल्यावरून आई मिसेस पामरना भेटली. जवळच्या एका चर्चच्या मागच्या हॉलमध्ये नव्याने आलेल्या लोकांसाठी संध्याकाळचे इंग्रजी वर्ग चालायचे, ते या बाई बघायच्या. त्यांनी दर गुरुवारी हॉल दिला आणि एक किल्ली आईच्या हातात ठेवली. आईने ती पदराला बांधावी तशी पर्सच्या आतल्या कप्प्यात चेन लावून ठेवली.

शिकवायची तिची रीत एकच होती, आणि ती मराठी शाळेत गेलेल्या कोणालाही ओळखू येईल. अर्थ सांगा आणि वाक्यात उपयोग करा. फळ्यावर वाक्प्रचार लिहायचा. मी स्पॅनिशमध्ये अर्थ सांगायचा. मग बायकांनी, आमच्यात याला काय म्हणतात, ते सांगायचं, आणि मग आईने मराठीत काय म्हणतात ते. वस्तू फार महाग पडली तर इंग्रजीत एक हात आणि एक पाय जातो. त्यांच्यात चेहऱ्यावरचा डोळा जातो. आमचे डोळे नुसते पांढरे होतात, निदान जागेवर राहतात, असं आई म्हणाली. इंग्रजीत कुत्री-मांजरं कोसळतात तेव्हा त्यांच्यात घागरी ओतल्या जातात आणि आमच्यात मुसळं पडतात. मुसळ म्हणजे काय ते दाखवायला आईने पुढच्या गुरुवारी खलाचा दगडी बत्ता पर्समधून आणला. खरं तर सनीव्हेलला पाऊस म्हणजे नावापुरता, आणि शाळेतली माझी एकही मैत्रीण कुत्री-मांजरं म्हणत नव्हती. मी आईला तसं सांगितलं, तर म्हणाली, तू आजकालचे आण, मी जुने शिकवते, दोन्ही लागतात.

पण खरी गंमत वाक्यात उपयोगाची. आईचा नियम असा की वाक्य स्वतःचं पाहिजे, पुस्तकातलं चालणार नाही, आणि ते उभं राहून पूर्ण सांगायचं. त्यामुळे आमच्या वर्गात कोणाचा मुकादम कसा आहे, कोणाचा नवरा कुठे जातो, कोणाच्या मुलीने शाळेत काय केलं, हे सगळं वाक्प्रचारातून बाहेर यायचं. डोन्या एल्विरा पर्स छातीशी धरून उभी राहायची आणि एकेक शब्द ठेवत सांगायची, माझी सून माझ्या बोलण्याकडे बहिरा कान फिरवते. आई तिचं क्रियापद दुरुस्त करायची. सुनेबद्दल काही बोलायची नाही.

उभं राहण्याचं आणखी एक होतं. एकदा लूपेने विचारलं, तुमच्याकडे शाळेत मुलं टीचरला काय म्हणतात? आई म्हणाली, बाई म्हणतात, आणि बाई वर्गात आल्या की उभी राहतात. पुढच्या गुरुवारी आई दारातून आत आली तर लूपे थट्टेने उठली, तिच्यामागून सगळ्या हसत हसत उठल्या, आणि एका सुरात म्हणाल्या, गुड इव्हनिंग, बाई. त्यांना वाटलं आई हसेल. आई दारातच थांबली आणि तिला आत यायला वेळ लागला. त्या दिवसापासून थट्टा संपली आणि पद्धत उरली.

का वेळ लागला ते मला माहीत होतं, बाबांनाही. आई डी. एड. होऊन पहिल्यांदा एका गावी मास्तरीण म्हणून लागली, तेव्हा चौथीचा वर्ग ती आल्यावर उठला नाही. पोरांना घरून तशी ताकीद होती, ही कोणाची आहे ते बघा, हिच्यासाठी उठायचं नाही. त्याआधी, ती स्वतः शाळेत असताना, एका गुरुजींनी तिला स्पष्ट उच्चारात कविता म्हणताना मधेच थांबवून सांगितलं होतं, तुझ्या तोंडी हे शोभत नाही. त्या वेळी ती खाली बसली होती. चौथीच्या वर्गात मात्र बसली नाही. खुर्चीला हात न लावता ती दारात उभी राहिली आणि दारातूनच शिकवत राहिली, पाढे, भूगोल, सगळं. हेडमास्तर म्हणाले, बाई, मनावर घेऊ नका, बसून घ्या. ती म्हणाली, उठतील तेव्हा बसेन. शेवटी पुढच्या रांगेतली एक मुलगी वर मान करकरून कंटाळली आणि उठली. तिच्यामागून दुसरी उठली. ही गोष्ट आमच्या घरात इतक्यांदा सांगितली गेली होती की त्या मुलीची वेणी कशी होती तेही मला माहीत आहे.

तर असा तो वर्ग. एका गुरुवारी मिसेस पामर मागे येऊन बसल्या. वाईट बाई नव्हत्या, हे मला लिहिलंच पाहिजे; सतत हसायच्या, सगळ्यांना नावाने ओळखायच्या, ख्रिसमसला केक करून आणायच्या. वर्ग संपल्यावर आम्ही खुर्च्या मिटत होतो तेव्हा त्या जवळ आल्या आणि माझ्याशी बोलू लागल्या. आई माझ्या शेजारी उभी होती. तुझी आई किती गोड आहे, असं त्या मला म्हणाल्या. पण या बायका जे ऐकतील तेच उचलणार, आणि पुढे नोकरी देणाऱ्याला तो उच्चार कळायला हवा ना. आणि हे उठून उभं राहणं काही ठीक नाही, इथे आपण सगळे सारखे असतो. मग त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"तुझं इंग्रजी किती सुंदर आहे. पुढच्या गुरुवारपासून तू शिकव. आई कॉफीचं बघेल. तिलाही मोकळं वाटेल, नाही का?"

इथे सगळे सारखे, हे ज्यांच्याकडे हॉल असतो त्यांना सांगायला सोपं जातं. आई म्हणाली, थँक यू, मिसेस पामर, आणि उरलेल्या खुर्च्या भिंतीला लावल्या.

आई आता नव्वदीला टेकली आहे आणि माझ्याजवळ असते. तिला दवाखान्यात नेलं की नर्स तिच्याकडे न बघता मला विचारते, त्यांना रात्री झोप लागते का? त्यांना इंग्रजी समजतं का? मी सांगते, त्यांनाच विचारा. नर्सला मी उद्धट वाटते. वाटू दे. आईच्या जागी उभं राहून बोलण्याचं काम मला एकदा देऊ केलं गेलं होतं, आणि ते मी तेव्हाच नाकारलं आहे.

त्या गुरुवारी घरी मात्र मी एकटीच ओरडत होते, तेही इंग्रजीत. बाबा टीव्हीचा आवाज कमी करून म्हणाले, "ती पामर म्हणते तर तू शिकव न. वर्ग चालल्याशी मतलब. आपण इथं पाहुणे, उगाच तंटा काहून?" बाबांचं हे पाहुणेपण मला लहानपणापासून माहीत होतं. ऑफिसात त्यांचं नाव कोणी तोडून अर्धं केलं तरी ते त्या अर्ध्या नावाला ओ द्यायचे. आई पीठ मळत होती. ती म्हणाली, वर्ग बंद नाही पडला पाहिजे, आणि हॉल त्यांचा आहे.

मी तिला मराठीत विचारलं, कारण हे इंग्रजीत विचारण्यासारखं नव्हतं. "आणि चौथीचा वर्ग कोणाचा होता? तिथं तर तू बसली नाहीस."

तिचे हात परातीत थांबले. "तिथं मी मास्तरीण होते," ती म्हणाली. "सरकारने नेमलेली. इथं मी कोण आहे, पोरी?"

बाबांनी टीव्हीचा आवाज पुन्हा वाढवला. त्या रात्रीची भाकरी जाड झाली होती. अख्खा आठवडा मी आईचं ते वाक्य बरोबर घेऊन शाळेत गेले. बाईंच्या वर्गात बाईंना कॉफीपुरतं ठेवायचं आणि त्यांच्याच पोरीकडून ठेवायचं, याचा मला इतका संताप आला होता की स्पॅनिशच्या तासाला मी पहिल्यांदाच मन लावून शिव्या शिकले.

गुरुवारी मी वर्गात पुढे गेले. कोणी उठलं नाही. सगळ्या माझ्या मागच्या दाराकडे बघत होत्या. मिसेस पामर शेवटच्या रांगेत बसून मला धीर देणारं हसत होत्या. आई शेजारच्या छोट्या किचनमध्ये कॉफीचं मोठं भांडं लावत होती, त्याचा गुरगुराट ऐकू येत होता. लूपेने विचारलं, बाई कुठे आहेत? मी स्पॅनिशमध्ये सगळं सांगितलं. मिसेस पामर काय म्हणाल्या, उच्चाराबद्दल काय, उठून उभं राहण्याबद्दल काय, आणि कॉफीबद्दल काय. मिसेस पामरना स्पॅनिश येत नव्हतं. इतकी वर्षं या बायकांचा वर्ग चालवूनही येत नव्हतं, आणि त्याची तक्रार कोणी केली नव्हती. डोन्या एल्विरा मधेच हात जोडून काहीतरी पुटपुटली. प्रार्थना होती की आणखी काही, ते सांगता येणार नाही.

मग मी फळ्यावर लिहिलं, पुट युअर फूट डाऊन. पाय खाली ठेवणं, म्हणजे नाही म्हणणं आणि मग न हलणं. आमच्यात काय म्हणतात, असं मीच विचारलं. डोन्या एल्विरा उठून म्हणाली, आमच्यात, मी माझा हात पिरगाळू देत नाही. मी म्हणाले, आणि मराठीत, पाय रोवून उभं राहणं. आता वाक्यात उपयोग. नियमाप्रमाणे वाक्य स्वतःचं पाहिजे, म्हणून पहिलं मीच सांगितलं, आणि इंग्रजीत, माझ्या त्या सुंदर म्हणवल्या गेलेल्या उच्चारात.

"मिसेस पामर यांनी मला माझ्या आईच्या खुर्चीवर बसायला सांगितलं आहे. मी पाय रोवून उभी आहे."

खडू फळ्याच्या कडेला ठेवून मी लूपे आणि डोन्या एल्विराच्या मधल्या खुर्चीत जाऊन बसले. मिसेस पामर उठल्या आणि हळुवारपणे म्हणाल्या, अगं राणी, माझा तसा हेतू नव्हता. हेतू काय होता ते सांगायच्या आत किचनच्या दारातून आई आली. हातात कॉफीच्या कपांचा ट्रे. तिने सगळं ऐकलं होतं, मधली भिंत नावाचीच होती. लूपे उठली. डोन्या एल्विरा उठली. खुर्च्या सरकल्याचा आवाज झाला आणि सगळ्या उठल्या, मीही. मिसेस पामर आधीच उभ्या होत्या, त्याला त्यांचा इलाज नव्हता.

"गुड इव्हनिंग, बाई," सगळ्या म्हणाल्या.

आई दारात थांबली होती, ट्रे घेऊन. मला वाटलं ती सगळ्यांना बसायला सांगेल, मिसेस पामरना सॉरी म्हणेल आणि कप वाटेल. तिने ट्रे टेबलावर ठेवला. पर्स घेतली, आतल्या कप्प्याची चेन उघडली, किल्ली काढून ट्रेच्या शेजारी ठेवली. मग तिच्या त्या भंडाऱ्याच्या इंग्रजीत, एकही शब्द न गिळता, म्हणाली, "द रूम इज युवर्स, मिसेस पामर. द क्लास इज माइन."

आणि ती बाहेर पडली. तिच्यामागून अख्खा वर्ग. लूपेने जाताना कॉफीचा ट्रेही उचलला. दूध-साखरेला आम्हीच पैसे घातले होते, असं ती नंतर म्हणाली. मिसेस पामर दारापर्यंत आल्या आणि गाड्या निघेपर्यंत तिथेच उभ्या होत्या. त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू गेलेलं मी पहिल्यांदा पाहिलं आणि मला अजिबात वाईट वाटलं नाही.

घरी बाबा बनियनवर बातम्या बघत बसले होते. दार उघडून एकामागून एक इतक्या बायका आत आल्यावर ते शर्ट शोधत आतल्या खोलीत पळाले. आई कोणाला काही न सांगता थेट किचनमध्ये गेली आणि चहाचं आधण ठेवलं, कारण कॉफी वाटेत गार झाली होती. कोणी सोफ्यावर, कोणी कार्पेटवर, डोन्या एल्विरा बुद्धाच्या मूर्तीसमोर क्रॉसची खूण करून भिंतीला टेकून बसली. बाबा शर्टाची बटणं लावत बाहेर आले आणि आपल्या खुर्चीत बसले. हॉलमध्ये खुर्ची ती एकच होती. काय झालं, असं त्यांनी मला डोळ्यांनी विचारलं. मी हळू आवाजात सांगितलं, आईने किल्ली परत केली. त्यांनी पेपर उघडला. वाचत नव्हते, नुसता धरला होता. पुढे कितीतरी वर्षं वर्ग आमच्या घरच्या या हॉलमध्येच भरला. चाकांचा फळा बाबांनी आणला आणि खालच्या म्हातारीने झाडूचे कितीतरी टोले दिले. पण त्या संध्याकाळी हे काहीच ठरलेलं नव्हतं. बाबा काय करतील, एवढंच मला कळत नव्हतं.

आई हात पुसत किचनच्या दारात आली. सगळ्या उठल्या. बाबांनी पेपराच्या वरून पाहिलं, आधी उठलेल्या बायकांकडे, मग दारात थांबलेल्या आईकडे. चौथीच्या वर्गाची गोष्ट त्यांना माझ्याइतकीच पाठ होती. त्यांनी पेपर घडी करून फळीवर ठेवला आणि उभे राहिले. मग आपली खुर्ची धरून ती ओढत भिंतीजवळ नेली, सगळ्यांकडे तोंड येईल अशी, आणि बाजूला झाले.

आई आली आणि त्या खुर्चीत बसली. "सिट डाऊन," ती म्हणाली. सगळ्या बसल्या. बाबा इकडेतिकडे बघून कार्पेटवर डोन्या एल्विराच्या शेजारी मांडी घालून बसले. फळा नव्हता, म्हणून आईने वाक्प्रचार तोंडी सांगितला, तोच, मघाचा. अर्थ झाला होता. वाक्यात उपयोग राहिला होता. तिची नजर सगळ्यांवरून फिरत बाबांवर येऊन थांबली, आणि बाबा उत्तर द्यायला उठले, शाळेतल्या पोरासारखे हात मागे बांधून.

"माय वाइफ," ते म्हणाले, आणि आईकडे बघत थांबले.



"पूर्ण वाक्यात सांगा," ती म्हणाली.